माकूल घरी साफ करताना: घाटावरच्या स्वयंपाकघरासाठी पायरीपायरीने

बांगडा, सुरमई, पापलेट बेळगावात बऱ्याच घरी साफ होतं. माकूल, म्हणजे स्क्विड, म्हटलं की मात्र कोळणीलाच सांगितलं जातं, "तूच साफ करून दे." शाई उडेल, काहीतरी आत राहील, शिजवल्यावर चामडं होईल, ही भीती त्यामागे असते. खरं तर माकुलाला खवले नाहीत, हाडं नाहीत, टोचणारे काटे नाहीत. हात बसला की एक किलो माकूल अर्ध्या तासात साफ होतं. अडचण वेगळीच आहे. माकूल साफ करण्याची सांगितली जाणारी पद्धत किनाऱ्यावरची असते, होडीतून उतरलेल्या मालासाठी. आपल्याकडे तो चोर्ला, अनमोड नाहीतर आंबोलीचा घाट चढून, बर्फात काही तास काढून येतो. तोवर आतला भाग मऊ पडलेला असतो, कातडी चिकटलेली असते. म्हणून "डोकं धरून ओढा, सगळं बाहेर येईल" हे इथे दर वेळी खरं ठरत नाही. ओढून आलं नाही तर काय करायचं हेही माहीत हवं.

आधी हे जवळ ठेवा

- धारदार छोटी सुरी आणि स्वयंपाकाची कातर. विळीवर माकूल घसरतं, पहिल्यांदा करताना विळी नकोच.
- प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड. लाकडी पाटावर शाईचा डाग राहतो आणि वासही बसतो.
- दोन पातेली: एक घाणीसाठी, एक साफ झालेल्या मालासाठी. शिवाय एक मोठी चाळण.
- जाडं मीठ, मूठभर. चवीसाठी नाही, पकड येण्यासाठी.
- जुना सुती कपडा किंवा टिश्यू पेपर, जुनी वर्तमानपत्रं.
- लांब दांड्याचा चमचा.
- अर्धी बादली गार पाणी. नळाला रोज पाणी नसेल तर हे आधीच भरून ठेवा. बोटं शाईने माखलेली असताना पिंपात तांब्या बुडवायची वेळ येऊ नये.
- लागत असतील तर रबरी हातमोजे. ते नसले तरी चालतं, फक्त नखांत शाई दोन दिवस दिसते.

एप्रन नाहीतर जुना शर्ट घाला. ओटा कडप्प्याचा असेल तर काळजी नाही. पांढरी फरशी किंवा संगमरवर असेल तर आधी वर्तमानपत्र अंथरा.

१. विकत घेताना

कॅम्पातल्या मासळी बाजारात असो की खानापूरला, नाव एकच नसतं. मालवणकडचे माकूल किंवा म्हाकुल म्हणतात, गोव्याचा माल विकणारे माणकी म्हणतात, कानडी आणि तुळू बोलणारे बोंडास. नावापेक्षा आकार बघा. लांबट नळी, एका टोकाला दोन तिकोनी पंख आणि दुसऱ्या टोकाला डोकं नि पाय असेल तर ते आपलं नळ माकूल. अंग रुंद, बसकं आणि कडेने सगळीकडे झालर असेल, आत बोटाला टणक पांढरा कवच लागत असेल, तर ते दुसऱ्या जातीचं माकूल. तेही चवीला छान, पण साफ करायची रीत थोडी वेगळी. ती शेवटी दिली आहे.

ताजेपणा चार ठिकाणी बघायचा.

*डोळे:* काळे, स्वच्छ, फुगीर. खोल गेलेले, दुधाळ डोळे नकोत.

*कातडी:* ताज्या माकुलावर तपकिरी-जांभळे ठिपके वेगवेगळे दिसतात. शिळं होत जातं तसे ठिपके विरघळल्यासारखे पसरतात आणि सगळं अंग गुलाबी दिसायला लागतं. खालचं मांसही गुलाबी झालं असेल तर ते घेऊ नका, भाव कितीही पाडून दिला तरी.

*अंग:* बोटाने दाबलं की परत वर यायला हवं. लिबलिबीत, फुगलेलं आणि पाणी सुटत असलेलं माकूल बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात बराच वेळ पडून राहिलेलं असतं. गोडं पाणी माकुलाच्या अंगात शिरतं. वजन वाढतं, चव जाते, आणि तेच पाणी नंतर कढईत सुटतं.

*वास:* समुद्राचा वास यायला हवा. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर पुढचं काही बघूच नका.

आकार मध्यम घ्या, डोकं सोडून नळी दहा ते पंधरा सेंटिमीटरची. अंगठ्याएवढी बारीक माकुलं चवीला गोड लागतात, पण पाव किलोत वीस-पंचवीस येतात आणि प्रत्येकाचं तेच सोपस्कार. पहिल्यांदा करणाऱ्याचा धीर तिथेच सुटतो. फार मोठं माकूल साफ करायला सोपं, पण त्याचं मांस जाड असल्याने शिजवण्यात चूक झाली तर जास्त जाणवते.

प्रमाण: चार माणसांच्या जेवणाला एक किलो अख्खं माकूल. साफ करून साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम उरतं आणि शिजताना आणखी आटतं. भाकरीबरोबर मुख्य पदार्थ हाच असेल तर सव्वा किलो घ्या.

कोळीण "साफ करून देऊ का?" विचारेलच. घाई असेल तर द्यावं करून, त्यात कमीपणा काही नाही. पण रविवारच्या गर्दीत साफ केलेल्या माकुलात दोन गोष्टी हमखास राहतात: आतला काटा, म्हणजे पाठीतली पातळ पारदर्शक पाती, आणि तोंडातली चोच. शिवाय सगळ्यांचा माल एकाच बादलीतल्या पाण्यात बुचकळलेला असतो. घरी साफ करणं शिकायचं असेल तर अख्खंच आणा.

हंगामाचंही लक्षात असू द्या. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताजं म्हणून मिळणारं माकूल बहुतेक गोठवून ठेवलेलं असतं. ते वाईट नसतं, पण त्याच्या आतला भाग हमखास तुटतो. खालच्या तिसऱ्या पायरीतली दुसरी पद्धत त्याच्यासाठीच आहे.

२. घरी आणताना आणि आणल्यावर

बाजारातून घरी यायला अर्ध्या तासाहून जास्त लागणार असेल, म्हणजे येळ्ळूर, उचगाव किंवा त्यापलीकडे, तर बर्फ मागून घ्या. तो वेगळ्या पिशवीत बांधून माकुलाच्या पिशवीला टेकवून ठेवा. बर्फ थेट माकुलावर टाकला की वर सांगितलेलं गोड्या पाण्याचं दुखणं परत सुरू होतं.

घरी आल्यावर लगेच साफ करणार नसाल तर माकूल चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर झाकण, आणि फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात. पाण्यात बुडवून ठेवू नका. सकाळी आणलेलं दुपारपर्यंत, फार तर संध्याकाळपर्यंत साफ व्हायला हवं. आतडी पोटात असताना रात्रभर ठेवलेलं माकूल दुसऱ्या दिवशी आतून रंग सोडतं.

गोठवलेलं माकूल आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा. गरम पाण्यात टाकून सोडवायला गेलात तर कडा शिजतात आणि मध्ये बर्फ राहतो.

३. डोकं आणि आतडी काढणे

सगळ्या कामाची गोम इथे आहे, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

आधी माकूल नीट बघा. नळीच्या तोंडाशी डोकं आत खोचल्यासारखं बसलेलं असतं. एका बाजूला, डोक्याच्या खाली, एक छोटी नळकांडी दिसते. माकूल तिच्यातून पाणी सोडून पोहतं. ती बाजू म्हणजे पोट, उलटी बाजू म्हणजे पाठ. पाठीच्या बाजूने काटा असतो. पोट-पाठ ओळखता आली की पुढे शोधाशोध होत नाही.

आता डावा हात नळीवर. उजव्या हाताची तर्जनी नळीच्या तोंडात घाला आणि कडेकडेने गोल फिरवा. तीन ठिकाणी बोट अडकेल: दोन पोटाच्या बाजूला, एक पाठीला. तिथे डोकं नळीला चिकटलेलं असतं. तिन्ही ठिकाणी बोटाने हळूच सोडवून घ्या. बहुतेक जण हे न करता सरळ डोकं ओढतात, आणि मग डोकं हातात येतं, आतडी नळीतच राहतात.

सोडवून झालं की डोळ्यांच्या मागे, म्हणजे नळीच्या तोंडाजवळ, डोकं धरा. डोळे दाबू नका, त्यातलं पाणी जोरात उडतं. किंचित पिळा आणि सावकाश, एकाच ओढीत बाहेर काढा. झटका नको. डोक्यामागोमाग आतड्याचा पांढरट-तपकिरी गोळा लांब होत बाहेर येतो. त्याच्यावर एक चंदेरी-काळपट, बारीक, चकचकीत पिशवी दिसेल. तीच शाईची पिशवी. हा गोळा तसाच घाणीच्या पातेल्यावर धरा, बोर्डावर आपटू नका.

गोळा मध्येच तुटला तर: घाटावर पोचलेल्या मालात हे नेहमीचंच. दोन वाटा आहेत.

रिंगा करायच्या असतील किंवा माकूल भरायचं असेल तर नळी अख्खी हवी. नळी उभी धरून बंद टोकाकडून तोंडाकडे अंगठ्याने दाबत आणा, टूथपेस्ट संपत आल्यावर दाबतो तशी. उरलेलं बरंचसं बाहेर येतं. मग चमच्याचा दांडा आत घालून भिंतीवरून हलकेच खरवडा.

सुकं, रस्सा किंवा तव्यावर भाजायला करायचं असेल तर नळी अख्खी ठेवायचा हट्ट सोडा. कातरीने पोटाच्या बाजूने तोंडापासून टोकापर्यंत सरळ चिरा आणि पुस्तक उघडतो तशी पसरा. आतलं सगळं दिसतं, सुरीच्या पाठीने सारून काढता येतं, काटाही समोर येतो. गोठवलेल्या मालाला तर हीच पद्धत वापरा.

शाई फुटली तर: फुटू दे. ती विषारी नाही, खाल्ली जाते. फक्त लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरा, मांस स्वच्छ होतं. कपड्यावर उडाली तर त्याच क्षणी गार पाणी आणि साबण. वाळू दिली किंवा गरम पाणी घातलं की डाग कायमचा.

आत काही वेगळं दिसलं तर: कधी नळीत एखादा बारीक मासा अख्खा सापडतो. माकूल शिकारी आहे, ते त्याचं शेवटचं जेवण. घाबरायचं कारण नाही. मोठ्या मादीत पांढरे, घट्ट, पानाच्या आकाराचे दोन तुकडे सापडतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही, अंड्यांच्या वेष्टनासाठीच्या ग्रंथी आहेत. काही घरांत त्या धुऊन रश्शात टाकतात, काही जण फेकतात. दोन्ही चालतं.

४. काटा काढणे

पाठीच्या बाजूने नळीच्या कडेवर बोट फिरवा, एक टोक बोटाला लागेल. चिमटीत धरून सरळ रेषेत ओढा. पातळ, पारदर्शक पाती अख्खी बाहेर येते. वाकडी ओढली तर तुटते आणि उरलेला तुकडा टोकाकडे बसतो. तसं झालं तर बाहेरून टोकाकडे दाबा, तुकडा पुढे सरकतो, बोटाने काढून घ्या.

काढलेले सगळे काटे एका ताटलीत ओळीने ठेवा. शेवटी मोजा: जितकी माकुलं तितके काटे हवेत. एक कमी असेल तर तो कुणाच्या तरी घासात येणार.

५. डोक्याचं काय करायचं

डोकं फेकू नका. पाय हा माकुलातला सगळ्यात चवदार भाग आहे, आणि तोच कचऱ्यात जातो.

डोकं बोर्डावर आडवं ठेवा. डोळ्यांच्या पुढे, म्हणजे डोळे आणि पाय यांच्या मध्ये, सुरी चालवा. सगळे पाय एका पातळ कड्याला जोडलेले राहतील असा काप हवा. डोळ्यांकडे सुरी गेली तर पाणी उडेल, म्हणून तोंड जरा बाजूला ठेवा. डोळ्यांचा भाग आणि आतडी टाकायची.

आता पायांचा घोस उलटा करा. मधोमध एक टणक गोळी लागेल. दोन्ही बाजूंनी दाबली की काळी-तपकिरी चोच पुटकन बाहेर येते. ती दोन तुकड्यांत असते, दोन्ही आलेत का बघा. बारीक माकुलातही चोच असते आणि दाताखाली आली तर खड्यासारखी कचकन लागते.

पाय आठ आखूड आणि त्यांच्या जोडीला दोन लांब सोंडा. सोंडांच्या टोकाला आणि पायांवर बारीक वाट्या असतात. त्यांच्या कडेला कडक कड्या असतात, मोठ्या माकुलात त्या खरखरतात. जाडं मीठ घेऊन पाय तळहातात चोळा, मग सुरीच्या पाठीने मुळापासून टोकाकडे एकदा ओढा. कड्या वाळूसारख्या निघून येतात. बारीक माकुलाला नुसतं मिठाने चोळणं पुरे. लांब सोंडा बाकीच्या पायांएवढ्या कापून घ्या, नाहीतर तव्यात त्या आधी करपतात.

६. कातडी

काढायलाच हवी असं नाही. कातडी खाता येते. पण ठेवली तर रस्सा जांभळट होतो आणि रिंगा शिजताना वाकड्या होतात. पांढरी शुभ्र नळी हवी असेल तर काढा. सुक्यात भरपूर तिखट पडणार असेल तर एवढा खटाटोप कशाला, असं आमचं मत.

सुरुवात पंखांपासून करा. पंखाच्या बुडाशी बोट घालून तो नळीपासून सोडवा आणि खाली ओढा. पंखाबरोबर कातडीचा मोठा पट्टा निघतो. तिथून सुटलेली कड धरून बाकीची ओढत जा. पंख टाकू नका, त्यांची कातडी वेगळी काढून ते तुकड्यांत घ्या.

ताज्या माकुलाची कातडी दोन-तीन ओढीत येते. बर्फात राहिलेल्याची तुकड्यातुकड्याने निघते, बोटं घसरतात, वैताग येतो. तिथे जाडं मीठ कामाला येतं: बोटांना मीठ लावा किंवा कोरड्या सुती कपड्याने धरून घासा. कोरडं असतानाच ओढा. पाण्याखाली ओढायला गेलात तर पकड सुटते. तरी राहिलेले डाग सुरीच्या पाठीने खरवडा.

गरम पाणी ओतून कातडी पटकन निघते असं काही जण सांगतात. निघते, पण वरचा थर शिजून जातो, आणि पुढे शिजवताना तोच भाग आधी कडक होतो. तो मार्ग नको.

रंगीत कातडीखाली आणखी एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. मोठ्या माकुलाचा तोही काढा, कारण शिजताना तोच आकसतो आणि मांस ओढतो. मध्यम-बारीक माकुलाच्या वाटेला तेवढा वेळ देऊ नका.

७. आतून धुणे

अख्ख्या नळीला आतून बघता येत नाही, म्हणून ती उलटी करायची. बंद टोकावर चमच्याचा दांडा टेकवा आणि नळी मोज्यासारखी त्याच्यावरून उलटवा. आतला चिकट थर, शाईचे ठिपके, राहिलेलं आतडं, सगळं समोर येतं. खरवडा आणि धुवा. रिंगा करणार असाल तर परत सुलट करा. कापून घेणार असाल तर तशीच राहिली तरी हरकत नाही.

एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात एकदा खळबळून घ्या, मग साध्या गार पाण्याने एकदा. दोन पाण्यांत काम व्हायला हवं. पाच-सहा पाण्यांनी धुतलेलं आणि तासभर बुडवून ठेवलेलं माकूल पांढरं दिसतं, पण त्याला चव उरत नाही.

धुतल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळा आणि कपड्याने टिपून कोरडं करा. ही पायरी बहुतेक घरी गाळली जाते. ओलं माकूल तेलात टाकलं की तेल गार पडतं, पाणी सुटतं, आणि तळायचं सोडून ते उकडायला लागतं.

८. पदार्थाप्रमाणे कापणे

माकुलाच्या मांसातले तंतू बहुतेक नळीभोवती गोल फिरतात. त्यामुळे आडवी रिंग कापली तर तंतू अखंड राहतात, चावायला जोर लागतो. नळी उघडून तिच्या लांबीने पट्ट्या कापल्या तर तंतू तुटतात, तुकडा मऊ लागतो. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर पट्ट्याच करा.

- रिंगा: एक सेंटिमीटर रुंद. त्याहून बारीक नको, आटून दोऱ्या होतात.
- सुकं: उघडलेल्या नळीच्या बोटभर लांब, एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या.
- तवा: उघडलेल्या नळीच्या आतल्या बाजूने तिरक्या चिरा, अर्ध्या जाडीपर्यंत, अर्ध्या सेंटिमीटरवर एक. मग उलट्या दिशेने तशाच. मसाला चिरांत शिरतो आणि तुकडा छान वळतो.
- भरलेलं: नळी अख्खी, पाय बारीक चिरून सारणात. अर्धं ते दोन तृतीयांशच भरा. नळी आकसते, काठोकाठ भरली तर फुटते. तोंड टूथपिकने बंद करा आणि बंद टोकाला सुईने एक भोक पाडा, वाफ जायला वाट हवी.

९. मसाला लावणे

हळद आणि तिखट लावून ठेवा, मीठ शिजवायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. तासभर आधी मीठ लावलं की पाणी सुटतं. लिंबू, आमसूल, चिंच यांच्या आगळात तर माकूल मुरवत ठेवूच नका. आंबटाने मांस घट्ट होतं. आंबट रश्शात शेवटी पडावं. रंगासाठी ब्याडगी तिखट उत्तम, त्याचा तिखटपणा बेताचा असल्याने हात सैल सोडता येतो.

१०. आच: एक तर दोन मिनिटं, नाहीतर पाऊण तास

साफसफाई कितीही चांगली झाली तरी इथे चुकलं तर चामडंच. माकूल तापलं की मांस आधी आवळतं. दोन-तीन मिनिटांत उतरवलं तर मऊ असतं. त्यापुढे कडक होत जातं. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं मंद आचेवर शिजत राहिलं की आतलं चिवट बंधन विरघळतं आणि ते परत मऊ पडतं. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. "अजून शिजलं नाही वाटतं" म्हणून दहाव्या मिनिटाला चाखून गॅस बंद करणारे नेमके तिथे फसतात.

तळायचं, परतायचं असेल तर कढई चांगली तापलेली हवी, आणि एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त टाकू नका. रस्सा करायचा असेल तर मसाल्याला तेल सुटल्यावर माकूल घाला, झाकण ठेवा, मंद आच. माकूल स्वतः पाणी सोडतं, म्हणून पाणी आधी घालू नका. लागलं तर नंतर गरम घाला.

काय बिघडलं, का बिघडलं

*सुकं पातळ झालं.* माकूल ओलं होतं किंवा कढई गार होती. माकूल झाऱ्याने बाजूला काढा, रस मोठ्या आचेवर आटवा, मग परत घाला.

*रस्सा काळपट-जांभळा.* कातडी राहिली किंवा शाई नीट धुतली गेली नाही. चवीला काही होत नाही.

*कडवट लागलं.* आतड्याच्या गोळ्याचा काही भाग नळीत राहिला. पुढच्या वेळी नळी उलटी करूनच धुवा.

*कचकच लागली.* वाट्यांच्या कड्या किंवा चोच.

रुंद, बसक्या माकुलासाठी

त्याच्या पाठीत पांढरा, हलका, खडूसारखा कवच असतो. वाळवलेला हाच कवच समुद्रफेण म्हणून मिळतो. तो ओढून येत नाही. पाठीच्या बाजूने कातडीवर उभी चीर द्या, दोन्ही अंगठ्यांनी कवच वर उचलून काढा, मग अंग उघडून आतडी अलगद उचला. शाईची पिशवी मोठी असते, म्हणून हे काम घाणीच्या पातेल्यातच करा. कातडी जाड, पण एकसंध निघते. बाकी सगळं तेच.

ठेवायचं असेल तर

साफ करून, टिपून कोरडं केलेलं माकूल फ्रीजमध्ये एक दिवस राहतं. जास्त आणलं असेल तर एका वेळेला लागेल एवढं, पाव-पाव किलो, पिशवीत पसरट भरा, हवा काढा, तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये टाका. दोन महिन्यांत संपवा. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही. उन्हाळ्यात लाईट चार-पाच तास गेली तर फ्रीझर उघडून बघत बसू नका, बंद राहिला तर थंडी टिकते. पिशवी पूर्ण मऊ पडली असेल आणि अजून गार असेल तर त्याच दिवशी शिजवा. कोमट लागली तर टाकून द्या.

कुणाला देऊ नये

कोळंबी किंवा तिसऱ्या खाऊन ज्याला पित्त उठतं, ओठ सुजतात, घसा आवळतो, त्याला माकुलानेही तसंच होऊ शकतं. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा.

हात, ओटा आणि कचरा

हात आधी गार पाणी आणि मिठाने चोळा, मग बेसन किंवा साबण. सुरुवातीलाच गरम पाणी घेतलं तर वास बसतो. बोर्ड आणि कातरही तसंच.

आतडी, डोळे, कातडी सिंकमध्ये सोडू नका, जाळीत अडकून दुसऱ्या दिवशी सगळं घर वासाने उठतं. परसात पुरायचं असेल तर हातभर खोल पुरा, वरवर पुरलेलं कुत्री रातोरात उकरतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सगळं वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारा आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवा. पिशवीवर "कचरा" असं लिहायला मात्र विसरू नका.